मुंबईतील पथविक्रेत्यांचे जागाविषयक नियम

मुंबईतील पथविक्रेत्यांचे जागाविषयक नियम हे बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत रस्त्यावर, पदपथावर किंवा अन्य सार्वजनिक जागी मालविक्री करणाऱ्यांना कोठे बसता येईल आणि कोठे बसता येणार नाही, हे ठरविणारे नियम होत. त्यांचा उगम तीन ठिकाणी आहे: मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८, सर्वोच्च न्यायालयाचे १९८५ व २००३ मधील निकाल, आणि संसदेने केलेला पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. यांतील शेवटच्या कायद्याने विक्री प्रमाणपत्र देताना अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग, महिला, दिव्यांग व अल्पसंख्याक यांना प्राधान्य देता येईल, अशी तरतूद केली आहे. न्यायालयीन निकालांतून आलेले अंतराचे निर्बंध मात्र शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे, मंडया व रेल्वे स्थानके यांच्या भोवतीची जागा विक्रीस बंद करतात. गिरगाव, भुलेश्वर, परळ, दादर यांसारख्या दाट वस्तीत ही बंद वर्तुळे परस्परांत मिसळतात आणि प्राधान्याने मिळालेल्या हक्काला बसायला जागाच उरत नाही. मुंबईतील फेरीवाला प्रश्नाचा बराचसा भाग या विसंगतीत आहे.

संज्ञा

बोलभाषेत रूढ असलेला ‘फेरीवाला’ हा शब्द फेरी मारून, आरोळी देत माल विकणाऱ्याचा आहे. डोक्यावर पाटी घेऊन वाडीवाडीतून हिंडणारी कोळीण, बोहारीण, कल्हईवाला, चाळीच्या जिन्यापर्यंत येणारा भाजीवाला हे खरे फेरीवाले. मुंबईत ज्यांच्याविषयी वाद चालतो त्यांपैकी बहुतेक जण मात्र फेरी मारीत नाहीत. ते वर्षानुवर्षे एकाच जागी बसतात. पुण्याकडे त्यांना ‘पथारीवाले’ म्हणतात व तो शब्द वस्तुस्थितीस अधिक धरून आहे. २०१४ च्या अधिनियमाने ‘पथविक्रेता’ ही संज्ञा स्वीकारली आणि तिच्यात एका जागी बसणारे व फिरते असे दोन्ही प्रकार घेतले. जागेचा नियम प्रामुख्याने पहिल्या प्रकारास लागतो, कारण फिरणाऱ्यास जागेचा हक्क नको असतो, वाटेचा हवा असतो.

‘परवाना’ व ‘विक्री प्रमाणपत्र’ यांतही भेद आहे. परवाना हा महापालिका आयुक्तांनी १८८८ च्या अधिनियमाखाली द्यावयाचा. तो देणे न देणे बहुतांशी आयुक्तांच्या इच्छेवर. विक्री प्रमाणपत्र नगर पथविक्रेता समितीमार्फत मिळावयाचे असून सर्वेक्षणात नोंद झालेल्या व अटी पूर्ण करणाऱ्या विक्रेत्यास ते मिळण्याचा हक्क आहे.

इतिहास

१८८८ च्या अधिनियमातील कलम ३१३अ अन्वये सार्वजनिक रस्त्यावर माल मांडून विकण्यासाठी आयुक्तांचा परवाना आवश्यक ठरतो, आणि कलम ३१४ अन्वये विनापरवाना मांडलेला माल व सामान पूर्वसूचनेविना उचलता येते. या दोन कलमांवर महापालिकेची अतिक्रमणविरोधी कारवाई अनेक दशके उभी होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून नवे परवाने देणे जवळजवळ थांबले. शहर वाढत राहिले, विक्रेते वाढत राहिले, परवाने मात्र होते तेवढेच राहिले. म्हणजे नव्याने येणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी अनधिकृत ठरला. अनधिकृत माणसाला पावती नसते, तक्रारीचा अधिकार नसतो आणि आपली टोपली उचलली जाऊ नये म्हणून कोणाला काय द्यावे लागेल याचा ठराव नसतो.

याच काळात गिरणगावावर संकट कोसळले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर लालबाग, परळ, शिवडी, वरळी या भागांतील हजारो कुटुंबांचे नियमित वेतन बंद झाले. ज्या घरांत पूर्वी खानावळ चालवून जोड कमाई होत असे, त्या घरांतील स्त्रियांनी आणि बेकार झालेल्या कामगारांनी भाजी, फळे, वडे, शिवलेले कपडे घेऊन रस्त्याचा आश्रय घेतला. पथविक्रेता म्हणजे बाहेरून आलेला उपरा, हे सरसकट चित्र या पट्ट्यापुरते तरी अपुरे आहे.

१९८५ हे वर्ष या विषयात महत्त्वाचे आहे. त्या वर्षी ३ जुलै रोजी बॉम्बे हॉकर्स युनियन विरुद्ध मुंबई महापालिका या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने कलम ३१३अ व ३१४ वैध ठरविली. परंतु महापालिकेने फेरीवाला क्षेत्रे आखून त्यांत परवाने द्यावेत, शक्यतो लागून असलेल्या दर दोन प्रभागांमागे एक क्षेत्र असावे, असेही सांगितले. अवघ्या आठवड्याने, १० जुलैला, पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस प्रकरणाचा निकाल लागला व उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले. दिल्लीतील सोदान सिंग प्रकरणात १९८९ मध्ये आणखी एक पाऊल पुढे पडले: रस्त्यावर व्यापार करणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ) मधील व्यवसायस्वातंत्र्याचा भाग असून त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असे ठरले. विशिष्ट जागेवरच बसू द्यावे, असा हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही. हक्क आहे, जागा नाही, या स्थितीची कायदेशीर मुळे येथे सापडतात.

क्षेत्रे आखण्याचे काम पुढे अनेक वर्षे रेंगाळले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात महापालिकेने टाटा समाजविज्ञान संस्था व ‘युवा’ या संस्थांमार्फत मोजणी करविली, तेव्हा एक लाखाहून अधिक विक्रेते आढळले. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि महाराष्ट्र एकता हॉकर्स युनियन विरुद्ध बृहन्मुंबई महानगरपालिका या नावाने ९ डिसेंबर २००३ रोजी त्याचा निकाल लागला. आज ज्यांची सर्वाधिक चर्चा होते ते अंतराचे आकडे याच निकालातील आहेत.

२००३ च्या निकालातील अटी

या निकालानुसार विक्रेत्यास पदपथावर एक मीटर लांब व एक मीटर रुंद एवढीच जागा मिळावयाची. तेथे पक्का ठेला, टेबल वा मांडणी उभारावयाची नाही, अन्न शिजवावयाचे नाही, आणि परवाना दुसऱ्यास भाड्याने द्यावयाचा नाही. सकाळी ७ ते रात्री १० ही विक्रीची वेळ. आठ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर बसण्यास मनाई. प्रार्थनास्थळे, शैक्षणिक संस्था व रुग्णालये यांच्यापासून १०० मीटरच्या आत आणि महापालिकेची वा अन्य मंडई व रेल्वे स्थानक यांच्यापासून १५० मीटरच्या आत विक्री करावयाची नाही.

देवस्थानाच्या बाबतीत न्यायालयाने एक अपवाद ठेवला. फुले, नारळ, उदबत्ती, मेणबत्ती, चंदन अशा पूजासाहित्याची विक्री देवळा-चर्चाबाहेर चालू शकते. व्यवहार पाहून केलेली ही सवलत आहे. हाराविना देवदर्शनास जाणारा भाविक विरळा, तेव्हा हारवालीला शंभर मीटर दूर ढकलण्यात अर्थ नव्हता. रुग्णालयाच्या बाबतीत मात्र असा अपवाद केलेला नाही, आणि त्याची झळ पुढे सांगितल्याप्रमाणे परळला बसते.

अंतराची अट घालण्यामागचा हेतू गर्दीला वाट मोकळी राहावी, रुग्णवाहिका व अग्निशामक बंब अडू नयेत, शाळेच्या दारात मुलांची कोंडी होऊ नये, हा होता. तो हेतू चुकीचा म्हणता येत नाही. मात्र देऊळ आणि शाळा यांच्याभोवती वर्तुळ काढण्याची ही रीत आपल्याकडे मुख्यतः मद्यविक्रीच्या दुकानांसाठी वापरली जाते. महामार्गालगतच्या मद्यविक्रीबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये घातलेली ५०० मीटरची अटही त्याच जातीची. दारूच्या दुकानाला जे माप, तेच कोथिंबिरीच्या जुडीला लावले गेले.

२०१४ चा अधिनियम

केंद्राने २००४ मध्ये व सुधारून २००९ मध्ये शहरी पथविक्रेत्यांविषयी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. कायदा होईपर्यंत देशभरातील पालिकांनी २००९ चे धोरण पाळावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ९ सप्टेंबर २०१३ रोजी दिला. त्यानंतर संसदेने अधिनियम केला व तो १ मे २०१४ पासून अमलात आला.

या अधिनियमाची मांडणी पूर्वीच्या नियमांच्या उलट्या दिशेने आहे. आधी दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करावयाचे. सर्वेक्षणात आढळलेल्या सर्व विक्रेत्यांना त्या विभागाच्या वा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत सामावून घ्यावयाचे. आणि सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवावयाचे नाही. १४ वर्षे पूर्ण केलेल्या, उपजीविकेचे अन्य साधन नसलेल्या व स्वतः किंवा कुटुंबीयांमार्फत विक्री करणाऱ्या व्यक्तीस प्रमाणपत्र मिळते. ते विकता वा भाड्याने देता येत नाही. धारकाचा मृत्यू झाल्यास वा त्यास कायमचे अपंगत्व आल्यास मुदत संपेपर्यंत पती, पत्नी वा अवलंबून असलेले अपत्य तेथे बसू शकते. हलविणे अपरिहार्य असल्यास तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. जप्त केलेला नाशवंत माल मागणी झाल्याच्याच दिवशी व अन्य माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करावयाचा आहे. टोपलीभर पालक संध्याकाळपर्यंत गोदामात राहिला तर परत मिळूनही उपयोग नसतो, हे ओळखूनच ही तरतूद केलेली दिसते.

सामाजिक न्यायाचा आशय दोन ठिकाणी येतो. कलम ७ प्रमाणपत्राच्या निकषांविषयी असून त्यात वर उल्लेखिलेल्या वंचित घटकांना प्राधान्य देण्याची मुभा आहे. नगर पथविक्रेता समितीच्या रचनेविषयीच्या तरतुदीनुसार तिच्या सदस्यांत किमान ४० टक्के निवडून आलेले पथविक्रेते हवेत व त्यांपैकी एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व दिव्यांग यांनाही योग्य प्रतिनिधित्व हवे. जागा कोणी ठरवायची, या प्रश्नाला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे.

प्राधान्याने जागा देण्याची कल्पना मुंबईला नवी नव्हती. दिव्यांगांना टेलिफोन बूथ व दूधविक्री केंद्रे देण्याची पद्धत जुनी आहे. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती शासनाने बेरोजगारांना झुणका-भाकर केंद्रे चालवावयास दिली, त्यांनाही मोक्याच्या सार्वजनिक जागा मिळाल्या होत्या. ती योजना बंद झाल्यावर जागा कोणाची, हा वाद पुढे बराच काळ न्यायालयांत चालला.

अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत पथविक्री आराखड्याची तत्त्वे आहेत व जागेच्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहेत. अस्तित्वात असलेला अथवा नैसर्गिक बाजार ‘ना विक्री क्षेत्र’ म्हणून घोषित करता येत नाही. केवळ गर्दी हे तसे घोषित करण्याचे कारण होऊ शकत नाही. अस्वच्छतेचे कारणही तेव्हाच चालते, जेव्हा ती सर्वस्वी विक्रेत्यांमुळेच निर्माण झाली असेल. आणि सर्वेक्षण व आराखडा पूर्ण होईपर्यंत कोणतेही क्षेत्र बंद घोषित करावयाचे नाही. कलम ३३ अन्वये हा अधिनियम त्याच्याशी विसंगत असलेल्या अन्य कायद्यांवर मात करतो. १०० आणि १५० मीटरची वर्तुळे आणि ही तत्त्वे शेजारी ठेवून वाचली असता त्यांतील ताण कायद्याचा अभ्यास नसलेल्यासही जाणवतो. गिऱ्हाईक जेथे आपोआप जमते त्या जागेस नैसर्गिक बाजार म्हणतात, आणि मुंबईत गिऱ्हाईक जमते ते स्थानकाच्या दारात, देवळाच्या गल्लीत व रुग्णालयाच्या फाटकाशी.

वर्तुळांचे गणित

१०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेआठ एकर भरते. १५० मीटर त्रिज्येचे वर्तुळ साडेसतरा एकरांचे होते. हे आकडे मोजणी एका बिंदूपासून, समजा प्रवेशद्वारापासून, केली तर येतात. तीच मोजणी आवाराच्या कुंपणापासून केली तर चित्र पालटते. शंभर मीटर लांब व तितक्याच रुंद आवाराची एखादी शाळा घेतली, तर आवारासह तिच्याभोवतीची बंद जागा ८१,००० चौरस मीटरांहून अधिक होते. म्हणजे दारापासून मोजली असता होणाऱ्या क्षेत्राच्या अडीचपटीहून जास्त. एकाच रस्त्यावरील दोन संस्था परस्परांपासून २०० मीटरपेक्षा जवळ असतील, तर त्यांच्या मधल्या पट्ट्यात कायदेशीरपणे बसण्यास एकही जागा शिल्लक राहत नाही.

हे गणित फणसवाडीच्या परिसरास लावून पाहावे. वाडीतच व्यंकटेशाचे प्रसिद्ध मंदिर आहे. ठाकुरद्वारच्या बाजूस झावबांचे राममंदिर, सी. पी. टँककडे माधवबागेतील लक्ष्मीनारायण, पुढे भुलेश्वर, त्यापलीकडे मुंबादेवी. गिरगावाच्या बाजूस फडके गणपती मंदिर व सेंट तेरेसा चर्च. त्यांच्यात चिकित्सक समूहाची शाळा व इतर जुन्या शाळा, आणि पूर्वी हरकिसनदास नावाने ओळखले जाणारे मोठे रुग्णालय. पश्चिमेस चर्नी रोड व मरीन लाइन्स ही रेल्वे स्थानके. वाड्यांमधून राहणाऱ्या वस्तीने एकोणिसाव्या शतकापासून आपल्या उंबऱ्याशी देऊळ, शाळा आणि बाजार एकत्रच वसविले. त्यांच्यात शंभर मीटरांचे अंतर ठेवण्याचा विचार कोणाच्याही मनात येण्याचे कारण नव्हते. शिवाय येथील अनेक गल्ल्या आठ मीटरपेक्षा अरुंद आहेत, त्यामुळे वर्तुळांतून सुटलेला तुकडाही रुंदीच्या अटीत अडकतो. नकाशावर ही वर्तुळे काढली की भुलेश्वर ते गिरगाव हा जवळजवळ सलग पट्टा रंगतो, आणि पूजासाहित्याच्या अपवादामुळे फुलवाले तेवढे त्यात तगू शकतात. हारवाली देवळापाशी बसू शकते. तिच्या शेजारची लिंबू-मिरची-आले विकणारी बाई बसू शकत नाही.

परळ येथील स्थिती वेगळ्या प्रकारे बिकट आहे. केईएम, टाटा स्मारक व वाडिया ही रुग्णालये जवळजवळ आहेत व त्यांची वर्तुळे एकमेकांत मिसळतात. या रुग्णालयांत महाराष्ट्राच्या आणि देशाच्या दूरच्या जिल्ह्यांतून रुग्ण येतात. त्यांचे नातेवाईक पदपथावर, धर्मशाळेत किंवा मिळेल तेथे दिवस काढतात. शहाळे, केळी, चहा, पोळी-भाजी, टूथब्रश, चादर या वस्तू त्यांना फाटकापासून चालण्याच्या अंतरावर आणि स्वस्तात हव्या असतात. त्याच फाटकाशी रुग्णवाहिका अडते, हेही तितकेच खरे आहे. १०० मीटरची सरसकट अट या दोन गरजांत निवाडा करीत नाही. फाटकासमोरचा भाग मोकळा ठेवून बाजूच्या रस्त्यावर मर्यादित जागा आखून देणे, हे काम अधिनियमातील आराखड्याचे होते.

दादरला प्रश्न स्थानकाचा आहे. पश्चिमेकडील फुलबाजार, रानडे मार्ग, डिसिल्व्हा मार्ग हा विक्रीचा गाभा स्थानकाला खेटूनच आहे. पश्चिम व मध्य अशा दोन रेल्वेमार्गांचे प्रवासी तेथे उतरतात आणि घरी जाता जाता भाजी घेतात. नोकरी करणाऱ्या स्त्रीला संध्याकाळी साडेसातला मंडईत जाण्यास सवड नसते. तिची मंडई म्हणजे पुलाचा पायथा.

एल्फिन्स्टन दुर्घटना व २०१७ चा निकाल

२९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी, पावसात, तत्कालीन एल्फिन्स्टन रोड (आताचे प्रभादेवी) स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कार्यालयांमुळे प्रवासी कित्येक पटींनी वाढले होते आणि पूल जुनाच होता. तरीही चर्चेचा रोख लवकरच पुलांवर व स्थानकांबाहेर बसणाऱ्या विक्रेत्यांकडे वळला. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने त्यांना हटविण्यासाठी आंदोलन छेडले. विक्रेत्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या.

आझाद हॉकर्स युनियनच्या याचिकेवर १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. भूषण गवई व न्या. मकरंद कर्णिक यांच्या खंडपीठाने निकाल दिला. रेल्वे स्थानकांपासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालये, प्रार्थनास्थळे यांच्यापासून १०० मीटरच्या आत विक्री करता येणार नाही, हे २००३ चे निर्बंध त्याने कायम ठेवले. त्यानंतर मुंबईतील स्थानकांबाहेर १५० मीटरच्या रेषा रंगविण्यात आल्या. स्थानकालगतच्या पुलावर व जिन्यावर कोणीही बसू नये, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही; पण पुलाची रुंदी आणि रेषेपलीकडची पर्यायी जागा हे प्रश्न रंगाच्या डब्याने सुटणारे नव्हते.

सर्वेक्षण व जागांच्या याद्या

महापालिकेने २०१४ मध्ये नव्या अधिनियमाखाली सर्वेक्षण केले. त्यात सुमारे ९९ हजार अर्ज परत आले. राज्य शासनाने २०१६ मध्ये नियम व त्यानंतर योजना केली. तीतील महाराष्ट्रातील अधिवासाची अट विशेष वादाची ठरली. कागदपत्रांच्या छाननीत बहुसंख्य अर्ज गळाले. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ होती. तिचे अडीच टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ११ हजार. अधिनियमाने सांगितलेल्या कमाल मर्यादेच्या मानाने छाननीत टिकलेली संख्या फारच थोडी: नगर पथविक्रेता समित्यांवरील प्रतिनिधी निवडण्यासाठी २९ ऑगस्ट २०२४ रोजी मतदान झाले, तेव्हा मतदारयादीत ३२ हजारांच्या वर नावे होती. एक मध्यवर्ती व सात परिमंडळीय अशा आठ समित्यांसाठी हे मतदान होते. अधिनियम अमलात आल्यापासून दहा वर्षे उलटून गेली होती.

जागांच्या यादीचा प्रवासही असाच आखडत गेला. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या आरंभी महापालिकेने ऐंशी हजारांहून अधिक जागांची रस्तानिहाय यादी प्रसिद्ध करून हरकती मागविल्या. हरकतींचा पाऊस पडला. आमच्या इमारतीखाली नको, आमच्या शाळेसमोर नको, आमच्या दुकानापुढे नको, असा बहुतेकांचा सूर होता. पुढच्या यादीत चारशेच्या आसपास रस्ते व तीस हजारांच्या आसपास जागा उरल्या. बैठका घेऊन, पत्रे पाठवून हरकत घेण्याची क्षमता वस्तीवस्तीत सारखी नसते. त्यामुळे आखलेल्या जागा गिऱ्हाईक असलेल्या रस्त्यांवरून हलून गिऱ्हाईक नसलेल्या रस्त्यांवर जाण्याकडे कल राहतो, आणि अशा ठिकाणी मिळालेला एक मीटरचा चौकोन विक्रेता फार काळ वापरीत नाही. काही दिवसांनी तो पुन्हा स्थानकाकडे येतो व पुन्हा अनधिकृत ठरतो.

न्यूयॉर्कचे उदाहरण

प्राधान्याचा परवाना व अंतराची अट यांचा असाच संघर्ष अगदी वेगळ्या मालाच्या बाबतीत अमेरिकेत दिसतो. न्यूयॉर्क राज्याने ३१ मार्च २०२१ रोजी प्रौढांसाठी गांजाची विक्री कायदेशीर केली. (भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याखाली गांजाची अशी खुली विक्री निषिद्ध आहे.) पूर्वीच्या बंदीकायद्याखाली ज्या वस्त्यांतील लोक सर्वाधिक तुरुंगात गेले त्यांना, तसेच अल्पसंख्याक, स्त्रिया, अडचणीतील शेतकरी व अपंगत्व आलेले माजी सैनिक यांना, निम्मे परवाने मिळावेत असे उद्दिष्ट त्या कायद्यात आहे. दुकानांचे पहिले परवाने गांजाविषयक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी राखून ठेवले गेले.

परंतु दुकान शाळेच्या आवारापासून ५०० फुटांच्या व प्रार्थनास्थळापासून २०० फुटांच्या आत नसावे, आणि दाट वस्तीच्या नगरांत दोन दुकानांत १,००० फूट अंतर असावे, अशाही अटी आहेत. मॅनहॅटनसारख्या भागात या अटींत बसणारी जागा मिळणे कठीण आणि मिळाली तर भाडे अवाढव्य. राज्याच्या यंत्रणेने परवानाधारकांना जागा शोधून द्यावयाच्या होत्या, पण ते काम अतिशय मंद गतीने झाले. जुलै २०२५ मध्ये तर नियामक कार्यालयाने जाहीर केले की शाळेपासूनचे अंतर आजवर दारापासून दारापर्यंत मोजले गेले, ते शाळेच्या आवाराच्या हद्दीपासून मोजावयास हवे होते. परवाना घेऊन, कर्ज काढून थाटलेली वा थाटू घातलेली सुमारे दीडशे दुकाने एका मोजपट्टीमुळे नियमबाह्य ठरण्याच्या बेतात आली. वर दिलेले दार व कुंपण यांचे गणित किती व्यावहारिक आहे, ते यावरून लक्षात यावे. न्यूयॉर्कमध्ये निदान परवानाधारकाकडे भाडेकरार होता. मुंबईतील विक्रेत्याकडे दाखविण्यास बहुधा जुनी पावती असते.

वारसा बाजार

अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत, स्थलांतराच्या तत्त्वांमध्ये, एक तरतूद आहे जिच्याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. ज्या नैसर्गिक बाजारांत पथविक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्री करीत आले आहेत ते ‘वारसा बाजार’ म्हणून घोषित करावयाचे आहेत व तेथील विक्रेत्यांना हलवावयाचे नाही. भुलेश्वरची फूलगल्ली, मुगभाटाचा भाजीबाजार, ग्रँट रोड स्थानकालगतची भाजीगल्ली, दादरचा फुलबाजार ही ठिकाणे मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांच्या स्मरणात आहेत. त्यांपैकी बहुतेक १०० किंवा १५० मीटरच्या वर्तुळांत पडतात.

या तरतुदीचा लाभ घेण्यासाठी पन्नास वर्षांचा पुरावा लागतो. महापालिकेने वेळोवेळी आकारलेल्या शुल्काच्या पावत्या, जुनी छायाचित्रे, दंडाच्या व जप्तीच्या नोंदी, शेजारच्या दुकानदारांची प्रतिज्ञापत्रे यांतून तो उभा करता येतो. ज्या दंडपावत्या देऊन विक्रेत्यांना उठविले जात असे, त्यांवर तारीख, रस्ता आणि मालाचा प्रकार लिहिलेला असतो. आजीची दंडपावती जपून ठेवलेल्या नातीला ती आता आपल्या जागेच्या पुराव्यासाठी वापरता येते.